छर्रा, स्क्रू, तोंड, पोट

कोचनी बंदूक टेबलावर ठेवली ती अगदी आवाज न करता, आजारी माणसाच्या खोलीत पाण्याचा पेला ठेवावा तशी. खरं तर आमच्या घरात आता आजारी कुणी नव्हतं. बाबांना जाऊन महिना उलटला होता. मी रजा वाढवून आईजवळ राहिले होते, आणि घराच्या पुढच्या खोलीतलं त्यांचं वर्कशॉप रोज सकाळी झाडून परत बंद करत होते.

"वहिनी आहेत का आत?" कोचनी विचारलं.

"आहेत."

"मग हळू बोलतो."

हळू बोलणं त्यांच्या स्वभावात नाही. नेमबाजीच्या क्लबात त्यांचा निम्मा जन्म या टोकावरून त्या टोकाला ओरडण्यात गेला आहे. "ही मिस्त्रींनी दुरुस्त केलेली शेवटची. माझी स्वतःची. नेली तेव्हा झकास होती. आता छर्रे खाली पडायला लागलेत. वेग मोजायच्या यंत्रासमोर धरून बघितली, तर म्हातारीसारखी पावलं टाकतेय."

"छर्रे बदललेत का मधे?"

ते हसले. "अगदी मिस्त्रींसारखं विचारलंस. नाही, तेच आहेत, तीच डबी." मग बंदुकीच्या लाकडावरून हात फिरवत म्हणाले, "हे बघ, मी तक्रार घेऊन आलेलो नाही. माणूस शेवटपर्यंत कामाला बसला, हेच खूप झालं. पण हात गेला होता गं त्यांचा. क्लबात सगळ्यांनाच दिसत होतं ते. तू ही उघड नाहीतर तशीच परत दे, माझं काही म्हणणं नाही. फक्त बाकीच्या बंदुका आता मी दुसरीकडे देणार, तेवढं वहिनींच्या कानावर घाल. मला तोंड नाही."

माणूस गेला, हे मी महिनाभर रोज कुणा ना कुणाच्या तोंडून ऐकत होते आणि मान हलवत होते. हात गेला होता, हे मात्र मला ऐकवेना.

"ठेवून जा," मी म्हणाले. "शनिवारी या. आणि तुमचं ते यंत्र घेऊन या."

"तू करणार?"

"बघते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या शहरात पुस्तकं तपासण्याचं काम करते, हे त्यांना माहीत होतं. पण त्याआधीची बरीच वर्षं मी या टेबलाखाली स्क्रू गोळा करत घालवली होती, हेही त्यांना माहीत होतं. ते गेले.

बाबा छऱ्यांच्या बंदुका दुरुस्त करत. अशा बंदुकीत दारूगोळा नसतो. नळी खाली वाकवली की पोटातली जाड स्प्रिंग दबते आणि अडकून बसते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, ती दट्ट्याला ढकलते, दट्ट्या हवेला ढकलतो आणि हवा छऱ्याला. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, ही चालते कशी? ते म्हणाले, "सासू चिडते सुनेवर, सून पोरावर, पोरगं मांजरावर. मांजर सुसाट सुटतं. मधे कुठे राग गळाला, की मांजर नुसतं अंग झटकतं. आपण शोधायचं, राग गळतो कुठे." आई तेव्हा आतून म्हणाली होती, "उदाहरणाला घरातलंच बरं सापडतं."

राग कुठे गळतो हे शोधायचा त्यांचा एक क्रम होता आणि तो ते मोडत नसत. आधी छर्रा, मग स्क्रू, मग तोंड, मग पोट. छर्रा नळीत सैल बसतोय का बघा. बाहेरचे स्क्रू ढिले झालेत का बघा. मग नळी जिथे मोडते त्या सांध्यावरचं वॉशर, ते तोंड. सगळ्यात शेवटी पोट, कारण पोट उघडायला वेळ लागतो आणि दाबलेली स्प्रिंग बेसावध माणसाचे दात पाडते. "डॉक्टर आधी जीभ बघतो," ते म्हणायचे. "आल्या आल्या पोट फाडणारा कसाई."

मी आत वळले तर आई दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"परत द्यायची होतीस," ती म्हणाली.

"का?"

"तुला कशाला नसता उद्योग? त्याला दुसरीकडे द्यायच्यात ना, देऊ दे."

"देऊ दे. पण बाबांचा हात गेला होता म्हणून नाही."

स्वयंपाकघरात जाऊन तिनं घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली.

मी कामाला लागले. डबीतला एक छर्रा नळीत घातला, तो नीट दाबून बसला. स्क्रू सगळे घट्ट होते. मग साबणाची वडी काढली. वेग मोजायचं यंत्र बाबांकडे कधीच नव्हतं. बोळाच्या टोकाला खोक्यात कपड्याच्या साबणाची वडी उभी करून ते तिच्यात छर्रा मारत आणि भोकात आगकाडी घालून खोली बघत. चांगली बंदूक अर्ध्याहून जास्त काडी गिळायची. छर्रा कोरून काढला की वडी धुण्याला जायची. आमच्या घरच्या साबणाला भोकं असत, आणि लग्नाआधी आई ज्या घरात वाढली तिथे नसत, हे ती आम्हाला अधूनमधून ऐकवायची.

मी चाप ओढला. साबण जागचा हललाही नाही. आगकाडीचा नुसता गुल आत गेला.

आई माझ्यामागे येऊन उभी होती. पदराला हात पुसत होती, आणि हात कोरडे झाले तरी पुसतच होती.

"आता तोंड बघते," मी म्हणाले. "तिथे नसलं तर पोट. उघडली की कळेलच बाबांनी काय..."

"आतलं काम ह्यांचं नाही," आई म्हणाली. "माझं आहे."

मी बंदूक खाली ठेवली.

"म्हणजे?"

"म्हणजे माझं. ह्यांच्या हातांना कंप सुटला तेव्हापासून मी शिकंजा फिरवायचे, स्प्रिंग दाबायला. मग दट्ट्याही घालायला लागले. बारीकसारीक ते करायचे. पण ही आली तेव्हा त्यांना सुईसुद्धा धरवत नव्हती. ते खुर्चीत बसून सांगायचे आणि मी करायचे. माझ्या आईनं स्वयंपाक शिकवताना इतकं बोलून दाखवलं नसेल."

"आणि मला फोनवर सांगायचे, काम चालू आहे."

"चालू होतंच की."

"अगं पण सांगायचं तरी."

"ह्यांना सांगायचंच होतं. तुला, कोचला, सगळ्या जगाला. मीच गप्प बसवलं. म्हटलं, लोक म्हणतील, मिस्त्री थकले, आता मिस्त्रीणबाई. ह्यांचं नाव ह्यांच्यापाशीच राहू दे." ती स्टुलावर बसली. "आता बघ. तो म्हणतो, ह्यांचा हात गेला. ह्यांचा कुठला? माझाच चुकला."

"कुठे चुकला?"

तिला ते नेमकं माहीत होतं. निदान तिला तसं वाटत होतं. दट्ट्याच्या डोक्यावर चामड्याचं वॉशर असतं. सिलिंडरला लांबट खाच असते, तिच्या कडा धारदार. दट्ट्या आत सरकवताना त्या कडेला चामडं घासलं, तर नखभर कापलं जातं आणि तिथून हवा निसटते. "ह्यांनी चारदा बजावलं होतं. कडेला बोट लाव, चामडं दाबून आत घे. मी घेतलं. पण सरकवताना काहीतरी अडल्यासारखं झालं. मी बोलले नाही. साबण त्या दिवशी छान भोसकला गेला, अर्धी काडी आत. हे खूश झाले. मग मी कशाला बोलू?"

आता क्रम पाळणं माझ्या हातात राहिलं नाही. आई उठली, बंदूक उलटी केली, लाकडाचे स्क्रू काढले आणि लोखंडी भाग शिकंज्यात अडकवला. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, "तू खीळ काढ, मी म्हणेन तेव्हा." शिकंजा तिनं फिरवला, खिळेवरचा ताण सुटेपर्यंत, त्याहून अर्धा फेराही जास्त नाही. "हं." मी खीळ काढली. मग ती उलटं फिरवत गेली, एका लयीत, आणि स्प्रिंग हळूहळू बाहेर आली, निमूट. बाबा हे करताना शीळ घालत. आई ओठ घट्ट मिटते. एवढाच काय तो फरक होता. मी इतकी वर्षं चांगली वाक्यं कुठली आणि नुसती नटवी कुठली हे ओळखण्याचं काम करते आहे. चांगलं काम समोर आलं की मला कळतं. हे मला आधी का बघायला मिळालं नाही, असं वाटून मी क्षणभर बाबांवर रागावलेसुद्धा.

स्प्रिंग सरळ होती, कुठे तुटली नव्हती. आईनं दट्ट्या बाहेर ओढला आणि माझ्या हातात दिला. स्वतः पाहिलं नाही.

मी खिडकीशी गेले. चामडं तेल पिऊन गडद झालं होतं. कड सगळीकडून सारखी तासलेली होती. मी तिच्यावरून नख फिरवलं, पूर्ण गोल. मग उलट बाजूनं. नख कुठेही अडकलं नाही.

"आई, काही नाहीये."

"चष्मा लाव."

"लावलेलाच आहे."

"मग नीट बघ. खाचेच्या बाजूला बघ."

"तूच बघ."

तिनं दट्ट्या घेतला. नखानं पाहिलं, मग जिभेच्या टोकानं पाहिलं, जशी सुईत ओवायच्या आधी दोऱ्याची टोकं बघते. मग खुर्चीकडे बघत म्हणाली, "अडलं होतं हो." खुर्ची रिकामी होती. मी स्प्रिंग पुसायला घेतली, कारण मला काहीतरी पुसायचं होतं.

बंदूक आईनेच पुन्हा जोडली. साबणावर मारली. काडीचा नुसता गुल. पोट ठणठणीत होतं आणि मांजर अजून अंगच झटकत होतं.

"कसाईपणा झाला," मी म्हणाले. "आधी तोंड बघायला हवं होतं."

"तोंडाचं वॉशर नवं आहे. मीच बसवलंय."

"तरी बघू."

यासाठी बाबा पातळ कागदाची पट्टी वापरत. नळीच्या सांध्यावर ती नुसती टाकायची आणि चाप ओढायचा. सांधा घट्ट असेल तर कागद पडल्या जागी राहतो. आमचा कागद उडाला तो आईच्या केसांत जाऊन बसला.

"हे बघ," मी म्हणाले. "राग इथे गळतोय."

"पण वॉशर नवं आहे ना," ती म्हणाली. आता तिच्या आवाजात अपराधी काही उरलं नव्हतं; कारागिराचा वैताग होता. "बोट लावून बघ. कुठे फाटलंय?"

फाटलं नव्हतं. नळीच्या मागच्या तोंडाभोवती गोल खाच होती आणि तिच्यात वॉशर व्यवस्थित बसलं होतं. जरा जास्तच व्यवस्थित. ते खाचेच्या कडेशी समपातळीत होतं, कडेच्या वर आलेलं नव्हतं.

"बाबांनी काय सांगितलं होतं? शब्दाला शब्द सांग."

"जुनं सुईनं काढ. खाच पुसून घे. नवं बोटानं दाबून बसव. बस."

भिंतीवर बाबांची स्वतःची बंदूक होती. मी ती उतरवली. तिचं वॉशर कडेच्या केसभर वर होतं, दिसण्यापेक्षा बोटाला जास्त कळत होतं. वॉशर दोन्हींचं एकच होतं, एकाच पुडीतलं. आईनं सुई घेतली आणि बाबांच्या बंदुकीचं वॉशर अलगद उचकटलं. त्याच्याखाली खाचेच्या तळाशी आणखी एक कडं होतं, कागदाहून जाड आणि चिवट, काळपट. तिनं ते सुईच्या टोकावर उचलून उजेडात धरलं. त्या एवढ्याशा चकतीत एक पांढुरका पट्टा होता.

"एक्सरे आहे," मी म्हणाले. "एक्सरेची फिल्म कापून खाली घातलीय. वॉशर वर उचललं जावं म्हणून."

आई चकती फिरवून फिरवून बघत होती. मग ती हसायला लागली. बाबा गेल्यानंतर मी तिला प्रथमच हसताना पाहत होते.

"तुझं मनगट आहे हे."

"काय?"

"सायकलवरून पडलीस, आठवतंय? सहा महिन्यांनी डॉक्टरांनी जुना एक्सरे मागितला. मी तीन दिवस कपाटं उपसली. ट्रंका उपसल्या. तुला बोलले, शेजारणीला बोलले. आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते. वर मला म्हणाले, वस्तू जागच्या जागी ठेवायला शिक."

क्लबातल्या निम्म्या बंदुकांच्या तोंडात इतकी वर्षं माझं मनगट होतं तर. मला आजवर मिळालेल्या कुठल्याही मानापेक्षा हा मला मोठा वाटला. तसं मी आईला सांगितलं नाही. तिनं म्हटलं असतं, पुस्तकी बोलू नकोस.

पुढचं आम्ही बोलत बोलत जुळवलं. नवं वॉशर पहिल्या दिवशी फुगीर असतं, म्हणून साबण चांगला भोसकला गेला. कोचनी बंदूक महिनाभर चालवली, वॉशर दबून खाचेत बसलं आणि हवा निसटू लागली. खाली चकती असती तर बसलं नसतं.

"म्हणजे सांगायला विसरले हे," आई म्हणाली.

"विसरायला आधी माहीत असावं लागतं. मला नाही वाटत त्यांना माहीत होतं आपण ते करतो म्हणून. वॉशर त्यांनी तोंडानं सांगितलं, चकती त्यांचा हात आपोआप घालायचा. तू मीठ किती घालतेस ते मला सांगू शकशील?"

तिनं विचार केला. "घालते तेवढं घालते," ती म्हणाली.

नवी चकती कापायला फिल्म हवी होती. ती आमच्या घरात भरपूर होती. बाबांचं मोठं पाकीट कपाटावर होतं, छातीचे, पाठीचे. मी ते काढायला स्टुलावर चढले.

"ह्यांचा नको," आई म्हणाली. "माझ्या गुडघ्याचा आहे बघ त्यातच. तो घे. नाहीतरी तो गुडघा काही कामाचा नाही."

तिनं चकती कापली, नखकात्रीनं, एकदाच. बसवली, वर वॉशर दाबलं, बोट फिरवलं. कागदाची पट्टी सांध्यावर टाकली आणि मला म्हणाली, "ओढ." कागद हलला नाही. मग साबण. आगकाडी आत गेली, गेली आणि बोटात धरायला जेमतेम टोक राहिलं.

"पहिल्या दिवशीपेक्षा जास्त," आई म्हणाली. तिनं ती वडी धुण्याला नेली नाही. खिडकीत ठेवली.

शुक्रवारी मात्र तिचा सूर बदलला. जेवताना म्हणाली, "कोचला सांगायचं, चूक माझी होती. ह्यांनी सांगितलेलं मी केलं नाही, असं सांग."

"ते खोटं आहे."

"खोट्यानं कुणाचं काही जात नाही. ह्यांचं नाव राहतं."

"आणि तुझं?"

"माझं नाव होतंच कुठे?"

"तेच म्हणतेय मी," मी म्हणाले. ती ताट घेऊन उठली. मी तो विषय पुन्हा काढला नाही. आईशी वाद जिंकायचा तर तिला तो एकटीला घालू द्यावा लागतो.

शनिवारी कोच यंत्र घेऊन आले. बोळात मांडलं, तीन छर्रे मारले आणि तिन्ही वेळा आकड्याकडे वाकून बघितलं. मग सरळ उभे राहिले.

"ही नवी होती तेव्हाही एवढी पळत नव्हती. आणि तिन्ही आकडे सारखेच." ते माझ्याकडे वळले. "शेवटी रक्त आहे. मिस्त्री गेले, पण हात तुला देऊन गेले बघ."

मी तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, "हिला नाही."

कोच वळले.

"ही मी केलीय. आत्ताही आणि तेव्हाही." ती भिंतीला टेकून उभी होती, ती पुढे आली. "ह्यांना धरवत नव्हतं. हे बोलत होते, मी करत होते. एक गोष्ट त्यांच्या बोलण्यात यायची राहिली आणि माझ्या विचारण्यात. तोंडाखालची चकती. ती आता घातलीय. आतलं चामडं पहिल्या दिवशी बसवलं तेच आहे, त्याला हात लावावा लागला नाही."

हळूच बोलायचं म्हणजे काय ते कोचना तेव्हा खरं कळलं असावं. "वहिनी," ते म्हणाले, "मी क्लबात सांगून बसलोय, की मिस्त्रींचा हात गेला होता."

"कुणाकुणाला?"

"सगळ्यांनाच."

"मग सगळ्यांनाच सांगा, की त्यांना अजून एक हात होता. तो चांगला आहे."

ते मान खाली घालून यंत्राची वायर गुंडाळू लागले. गुंडाळून झाली तरी सोडून पुन्हा गुंडाळली. "बाकीच्या बंदुका," ते म्हणाले, "मी अजून दुसरीकडे दिलेल्या नाहीत. म्हणजे, तुमची लेक इथे असेपर्यंत..."

"ती परवा चालली. माझ्याकडे आणा. पण एका वेळी दोनच, आणि छर्रे कुठले वापरता ती डबी सोबत. मी आधी छर्रा बघते."

"हो," ते म्हणाले. मला क्लबात त्यांना कुणापुढे असं 'हो' म्हणताना कधी ऐकल्याचं आठवत नव्हतं.

आईनं त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, बाबांची. "बसा, चहा घेऊन जा," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तू टाक गं. माझे हात तेलाचे आहेत."